लॅपटॉपमध्ये नवी एसएसडी टाकली, मग विंडोज पुन्हा विकत घ्यायचं का?

लॅपटॉप सुरू व्हायला दहा मिनिटं लागतात, एक फाइल उघडायला दोन. मग एके दिवशी काळ्या स्क्रीनवर नुसता एरर येतो आणि दुकानदार सांगतो, "हार्ड डिस्क गेली. नवी एसएसडी टाकावी लागेल, विंडोजचे पैसे वेगळे."

एसएसडीचा खर्च करावाच लागतो. विंडोज विकत घेण्याचा खर्च मात्र बहुतेक वेळा करावा लागत नाही. लॅपटॉपसोबत अधिकृत विंडोज आलं असेल, तर ड्राइव्ह बदलल्यावरही ते तुमचंच राहतं. दुकानदार ते टाकून देण्याची मजुरी घेऊ शकतो, पण ती मजुरी आणि लायसन्सची किंमत या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

वाशिम-पुसद रस्त्यावरच्या अनसिंगसारख्या गावात हा प्रश्न फक्त कॉलेजच्या मुलांचा नाही. सातबारा, पीक विमा, उत्पन्नाचा दाखला, शिष्यवृत्तीचा फॉर्म अशी कितीतरी कामं सेवा केंद्रातल्या एखाद्या लॅपटॉपवर चालतात. तो बंद पडला की रांग थांबते. आणि घाईघाईत त्यात क्रॅक केलेलं विंडोज टाकलं, तर रांगेतल्या प्रत्येकाची कागदपत्रं धोक्यात येतात.

लायसन्स नेमकं कुठे असतं?

अनेकांना वाटतं की विंडोज हार्ड डिस्कमध्ये असतं, म्हणजे त्याचं लायसन्सही तिथेच असणार. तसं नसतं.

२०१२ मध्ये विंडोज ८ आलं. तेव्हापासून कंपन्या लॅपटॉप बनवतानाच २५ अक्षरांची प्रॉडक्ट की मदरबोर्डवरच्या चिपमध्ये साठवू लागल्या. म्हणूनच नव्या लॅपटॉपच्या तळाशी कीचं स्टिकर दिसत नाही.

२०१५ मध्ये विंडोज १० सोबत डिजिटल लायसन्स आलं. विंडोज एकदा ॲक्टिव्हेट झालं की त्या लॅपटॉपच्या हार्डवेअरची ओळख मायक्रोसॉफ्टच्या सर्व्हरवर नोंदवली जाते. त्या ओळखीत सगळ्यात जास्त वजन मदरबोर्डला असतं.

घराचं छप्पर बदललं म्हणून ग्रामपंचायतीच्या नमुना ८ वरचं नाव बदलत नाही. इथेही तसंच आहे. ड्राइव्ह म्हणजे छप्पर, मदरबोर्ड म्हणजे जागा.

ड्राइव्ह बदलण्याआधी काय तपासायचं?

जुना ड्राइव्ह रडतखडत का होईना चालत असेल, तर आधी ही चार कामं करा:

- ॲक्टिव्हेशन पाहा. विंडोज ११ मध्ये सेटिंग्ज, सिस्टम, ॲक्टिव्हेशन असं जा. विंडोज १० मध्ये हाच पर्याय 'अपडेट अँड सिक्युरिटी'मध्ये आहे. तिथे 'डिजिटल लायसन्स' असं दिसलं तर निश्चिंत राहा.
- एडिशन लिहून ठेवा. भारतात विकल्या जाणाऱ्या अनेक लॅपटॉपमध्ये 'होम सिंगल लँग्वेज' असतं. होमचं लायसन्स असताना प्रो टाकलं, तर ते ॲक्टिव्हेट होणार नाही.
- मायक्रोसॉफ्ट अकाउंट जोडा. पुढे ॲक्टिव्हेशन अडलं, तर हेच कामाला येतं.
- बिटलॉकरची रिकव्हरी की घ्या. ड्राइव्ह एन्क्रिप्ट झालेला असेल, तर या ४८ अंकी कीशिवाय जुना डेटा उघडणार नाही. ती बहुतेक वेळा मायक्रोसॉफ्ट अकाउंटमध्ये साठवलेली असते.

यानंतर डेटाची कॉपी काढा. जुना ड्राइव्ह ठीकठाक चालत असेल, तर तो जसाच्या तसा नव्या एसएसडीवर क्लोनही करता येतो. मग फॉरमॅट मारायची गरजच उरत नाही.

नव्या ड्राइव्हवर विंडोज कसं टाकायचं?

१. दुसऱ्या कॉम्प्युटरवर मायक्रोसॉफ्टच्या साइटवरून 'मीडिया क्रिएशन टूल' घ्या आणि किमान ८ जीबीचा पेन ड्राइव्ह बूटेबल करा. त्यातलं आधीचं सगळं पुसलं जाईल. डाउनलोड काही जीबींचं असतं, त्यामुळे मोबाइल डेटा आधी तपासा.

२. पेन ड्राइव्ह लावून लॅपटॉप सुरू करा आणि बूट मेन्यू उघडा. डेल आणि लेनोव्होच्या बऱ्याच मॉडेलमध्ये त्यासाठी एफ १२ दाबतात, एचपीमध्ये एफ ९.

३. सेटअपने प्रॉडक्ट की मागितली, तर 'आय डोन्ट हॅव अ प्रॉडक्ट की' निवडा आणि पुढे आपलंच एडिशन घ्या. चिपमध्ये की असेल, तर सेटअप अनेकदा हे विचारतही नाही.

४. नवी एसएसडी यादीत दिसली नाही, तर ती खराब आहे असं लगेच समजू नका. इंटेलच्या ११ व्या आणि त्यापुढच्या पिढीच्या काही लॅपटॉपमध्ये आधी स्टोरेजचा ड्रायव्हर द्यावा लागतो. तो लॅपटॉप कंपनीच्या साइटवर मिळतो.

५. वाय-फाय चालत नसेल, तर फोन केबलने जोडून यूएसबी टेदरिंग सुरू करा. इंटरनेट मिळालं की ॲक्टिव्हेशन सहसा आपोआप होतं.

तरीही झालं नाही, तर ॲक्टिव्हेशनच्या पानावर ट्रबलशूटर आहे. त्यात हार्डवेअर नुकतंच बदलल्याचा पर्याय निवडून मायक्रोसॉफ्ट अकाउंटने लॉगिन करा.

पैसे खरंच कधी लागतात?

लॅपटॉप घेतानाच त्यात डॉस किंवा लिनक्स असेल, तर विंडोजचं लायसन्स तुमच्याकडे कधी नव्हतंच. मदरबोर्ड बदलला असेल, तरी अडचण येऊ शकते, कारण कंपनीने दिलेलं लायसन्स त्या मदरबोर्डशी बांधलेलं असतं. आधीचं विंडोज क्रॅक केलेलं असेल, तर नव्या ड्राइव्हवर ते आपोआप अधिकृत होणार नाही.

क्रॅकमध्ये एवढं वाईट काय?

क्रॅक चालवण्याआधी बहुतेक वेळा अँटिव्हायरस बंद करायला सांगतात. म्हणजे घराचा दरवाजा उघडून अनोळखी माणसाला आत घेण्यासारखंच. त्यासोबत पासवर्ड चोरणारा प्रोग्रामही येऊ शकतो, आणि ज्या लॅपटॉपवर गावाचे आधार क्रमांक आणि बँक खाती टाकली जातात, तिथे हा धोका एकट्या मालकाचा राहत नाही.

कायदाही आहे. कॉपीराइट कायदा, १९५७ च्या कलम ६३ब नुसार पायरेटेड सॉफ्टवेअर जाणूनबुजून वापरल्यास ७ दिवस ते ३ वर्षं कैद आणि ५० हजार ते २ लाख रुपये दंड होऊ शकतो. वापर धंद्यासाठी नसेल, तर कोर्ट कैद माफ करू शकतं. सेवा केंद्राचा वापर मात्र धंद्याचाच असतो.

विंडोज १० की ११?

विंडोज १० चा नियमित सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. घरगुती वापरासाठी नोंदणी करणाऱ्यांना १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत सुरक्षा अपडेट देण्याची योजना मायक्रोसॉफ्टने जाहीर केली. लॅपटॉपमध्ये टीपीएम २.०, सिक्युअर बूट आणि चालणारा प्रोसेसर असेल, तर थेट ११ टाका. विंडोज १० चं डिजिटल लायसन्स त्याच एडिशनच्या ११ ला चालतं.

सेवा केंद्राच्या लॅपटॉपवर नंतर काय टाकायचं?

विंडोज आलं म्हणजे काम संपलं असं नाही. अंगठ्याच्या मशीनचा ड्रायव्हर आणि आरडी सर्व्हिस, डिजिटल सहीच्या टोकनचं सॉफ्टवेअर, प्रिंटर आणि मराठी कीबोर्ड हे सगळं पुन्हा टाकावं लागतं. मराठी फोनेटिक कीबोर्ड विंडोजमध्येच मिळतो, भाषेच्या सेटिंगमध्ये जाऊन तो फक्त जोडायचा असतो.

दुकानात लॅपटॉप देताना तीन प्रश्न विचारा

- माझ्याच लॅपटॉपच्या लायसन्सवर विंडोज ॲक्टिव्हेट करणार ना?
- बिलात एसएसडी, मजुरी आणि लायसन्स वेगवेगळे लिहिणार का?
- जुना ड्राइव्ह मला परत देणार ना?

शेवटचा प्रश्न विसरू नका. दुकानात 'गेलेल्या' ड्राइव्हमधूनही अनेकदा फोटो आणि कागदपत्रं बाहेर काढता येतात. ती तुम्हीच काढलेली बरी.