बैलाचे दात आणि धन्याचे तोंड

उदगीर तालुक्यातील हाळी-हंडरगुळीच्या जनावरांच्या बाजारात देवणी जातीचा बैल पारखणारा शेतकरी ज्या एकाग्रतेने त्या मुक्या प्राण्याची परीक्षा करतो, ती पाहण्यासारखी असते. प्रथम तो दूर उभा राहून जनावराची ठेवण न्याहाळतो, मग जवळ येऊन वशिंडावरून, पुठ्ठ्यावरून हात फिरवतो, खूर उचलून पाहतो, चार पावले चालवून घेतो, आणि अखेरीस डाव्या हाताने नाक धरून व उजव्या हाताने खालचा ओठ खाली ओढून दात मोजतो. आदत, दोन दाती, चार दाती, सहा दाती, जुळलेला, अशी त्या जनावराच्या वयाची मोजदाद क्षणार्धात त्याच्या तोंडून बाहेर पडते, आणि तिच्यात सहसा चूक होत नाही. मात्र हाच मनुष्य गेली वीस वर्षे खालच्या ओठाच्या आड तंबाखूचा बार धरीत आला असेल, त्याला तिखट भाजी अलीकडे सोसत नसेल, भाकरीचा मोठा घास तोंडात जात नसेल, तरीही त्याचे स्वतःचे तोंड आजवर कोणी उघडून पाहिले आहे काय, असे विचारले, तर बहुतेक वेळा उत्तर नकारार्थी येते.

आमच्या औसा तालुक्यासारख्या मुलखात, जेथे निजामी अमदानीपासून जमिनीचा प्रत्येक गुंठा दप्तरात नोंदला गेला आहे, जेथे फेरफार, सातबारा, पीकपाहणी आणि पैसेवारी हे शब्द निरक्षर माणसाच्याही तोंडी असतात, जेथे गारपीट झाली की पंचनाम्यासाठी तलाठ्याची वाट पाहण्यात दिवस जातात, तेथे कर्त्या पुरुषाच्या शरीराची पाहणी मात्र कोणत्याही दप्तरात नसावी, ही गोष्ट मला फार दिवसांपासून अस्वस्थ करीत आली आहे. आशाताई दारात येऊन फॉर्म काढतात, तेव्हा घरातील बाईमाणूस पुढे होते आणि पुरुष बाजेवरूनच सांगतो, "मला काय धाड भरलीय, ताई? रास होऊ द्या, मग येतो." सोयाबीनची रास होते, तूर निघते, हरभरा येतो, ऊस कारखान्याला जातो, आणि ते येणे तसेच राहते. उपकेंद्र म्हणजे बाळंतपणाची व पोरांच्या लसीची जागा, तेथे धडधाकट गड्याचे काय काम, ही समजूत या टाळाटाळीच्या मुळाशी आहे.

ती समजूत केवळ आपल्याच भागातली नाही. जगभर वैद्यकशास्त्रही बराच काळ रोग झाल्यावरच माणसाकडे पाहत असे. ज्या १९४८ च्या सप्टेंबर महिन्यात हैदराबाद संस्थानाचा अंमल संपून हा तालुका भारतात सामील झाला, त्याच वर्षीच्या शरदऋतूत अमेरिकेतील फ्रेमिंगहॅम नावाच्या एका लहानशा गावात एका दीर्घ अभ्यासाला प्रारंभ झाला. तीस ते बासष्ट वयाच्या ५,२०९ स्त्रीपुरुषांना, त्यांना हृदयविकाराचे कोणतेही लक्षण नसताना, दर दोन वर्षांनी बोलावून त्यांचा रक्तदाब, रक्तातील चरबी, वजन व सवयी नोंदविण्यात आल्या, आणि पुढे कोणाला काय झाले याची टिपणे वर्षानुवर्षे ठेवण्यात आली. तोवर वयाबरोबर रक्तदाब वाढावयाचाच, असे मोठमोठे वैद्यही मानीत. त्या गावाच्या टिपणांनी दाखवून दिले, की वाढलेला रक्तदाब, तंबाखूचा धूर आणि रक्तातील चरबी ही हृदयविकाराची पूर्वपीठिका असते व ती अनेक वर्षे आधी मोजता येते. आज प्रतिबंधक तपासणी म्हणून जे काही आपण करतो, त्याचा फार मोठा भाग या वहीखात्यातून निघाला आहे.

रक्तदाबाविषयी लिहिताना किल्लारीच्या भूकंपाची आठवण टाळणे या तालुक्यातील मनुष्याला शक्य नाही. १९९३ च्या ३० सप्टेंबरला पहाटे चारच्या सुमारास, गणेशविसर्जन आटोपून गावे झोपली असताना, दगडमातीच्या हातभर जाड भिंती काही क्षणांत कोसळल्या आणि हजारो माणसे त्यांच्याखाली गेली. त्या भिंती बाहेरून भक्कम दिसत होत्या. चाळिशीतील एखादा पुरुष दिवसभर औत हाकतो, पोती उचलतो, दोन भाकरी जास्त खातो, आणि एके दिवशी त्याचा उजवा हात व वाचा एकाएकी जाते, तेव्हा गावातील लोक "कालपर्यंत चांगला होता" असेच म्हणतात. भेद इतकाच, की भूकंप कोणत्या दिवशी येणार हे सांगणारे यंत्र आजही जगात कोठे नाही, आणि अर्धांगवायूची शक्यता दाखविणारे यंत्र गावच्या उपकेंद्रातील टेबलावर आहे. दंडाभोवती पट्टा बांधून दोन मिनिटांत ते आकडा सांगते. वेगवेगळ्या दिवशी घेतलेला तो आकडा वरचा १४० किंवा खालचा ९० अथवा त्याहून अधिक राहिला, तर त्याला उच्च रक्तदाब म्हणतात. मात्र मोजण्याची शिस्त पाळली पाहिजे: पाच मिनिटे शांत बसावे, पाय जमिनीला टेकलेले असावेत, हात छातीच्या उंचीवर आधाराने ठेवावा, आणि त्याआधी अर्धा तास चहा किंवा तंबाखू घेऊ नये. धावतपळत येऊन, रांगेत उभ्याउभ्या, बाहीवरूनच पट्टा बांधून घेतलेल्या मोजणीवर भरवसा ठेवू नये, आणि तसे होत असेल तर "ताई, मला जरा बसू द्या" असे सांगण्यात संकोच बाळगू नये.

गावोगाव तपासणी करून खरोखर जीव वाचतात काय, अशी शंका घेणाऱ्यांसाठी दूरचे उदाहरण शोधण्याची गरज नाही. १९८२ मध्ये लातूर जिल्हा वेगळा होईपर्यंत औसा ज्या उस्मानाबाद जिल्ह्यात होते, त्या आजच्या धाराशिव जिल्ह्यातील ५२ ग्रामसमूहांत तीस ते एकोणसाठ वयाच्या १,३१,७४६ निरोगी स्त्रियांचा अभ्यास मुंबईचे टाटा स्मारक केंद्र व बार्शीचे नर्गिस दत्त स्मारक कर्करोग रुग्णालय यांनी आंतरराष्ट्रीय सहकार्याने केला. त्याचे निष्कर्ष २००९ मध्ये प्रसिद्ध झाले. गर्भाशयमुखाच्या कर्करोगास कारण होणाऱ्या विषाणूची चाचणी केवळ एकदा केलेल्या गटात, तपासणी न मिळालेल्या गटाच्या मानाने, त्या रोगाचे मृत्यू जवळजवळ निम्म्यावर आले. तपासणीविना ठेवलेल्या त्या स्त्रियांविषयी पुढे नैतिक आक्षेप घेण्यात आले, आणि माझ्या मते ते रास्त होते. परंतु ज्या काळ्या मातीत आपण राहतो, तिच्यातील खेडुत बायांनी दिलेला हा पुरावा साऱ्या जगाने स्वीकारला, हेही तितकेच खरे. आपल्या मायबहिणींनी जे केले, ते करण्यास पुरुषांना अडचण ती कोणती?

शासनाच्या ध्यानातही ही उणीव उशिरा का होईना आली. २०२२ मध्ये 'माता सुरक्षित तर घर सुरक्षित' हे स्त्रियांसाठीचे अभियान झाल्यावर, २०२३ च्या १७ सप्टेंबरला, म्हणजे मराठवाडा मुक्तीच्या पंच्याहत्तराव्या वर्धापनदिनी, अठरा वर्षांवरील पुरुषांच्या तपासणीसाठी 'निरोगी आरोग्य तरुणाईचे, वैभव महाराष्ट्राचे' हे अभियान राज्यात सुरू झाले. अभियानाची मुदत संपते, पण तपासणीची गरज मुदतीत बसत नाही. म्हणून कोणत्या वयात काय पाहावे, हे ज्याचे त्याला ठाऊक असलेले बरे.

विशीतील मुलाच्या अंगाला सरकारी टेप बहुधा पोलीस भरतीच्या मैदानावर प्रथम लागतो. उंची १६५ सेंटिमीटर, छाती न फुगवता ७९ आणि फुगवून पाचने अधिक, हे आकडे आपल्याकडील पोरांना पाठ असतात. त्या वयात मोठ्या चाचण्यांची आवश्यकता नसते. वर्षा-दोन वर्षांनी एकदा रक्तदाब व वजन पाहावे, दोन आठवड्यांपेक्षा अधिक खोकला टिकला तर क्षयासाठी थुंकी तपासून घ्यावी, एचआयव्हीची चाचणी लग्नापूर्वी लाज न बाळगता करून घ्यावी. अंडकोषात न दुखणारी गाठ लागली तर तीही लपवू नये. तो कर्करोग मुख्यतः तरुणांचाच, आणि वेळीच आढळला तर तो बहुतांशी पूर्ण बरा होतो.

खरा टप्पा तिशीचा. राष्ट्रीय कार्यक्रमानुसार तीस वर्षांवरील प्रत्येकाचा रक्तदाब, रक्तातील साखर आणि तोंड यांची तपासणी उपकेंद्रात मोफत होते. त्याआधी आशाताई जो फॉर्म भरतात, त्यात वय, तंबाखू, दारू, व्यायाम, आईवडिलांचे आजार आणि कमरेचा घेर यांना गुण असतात. चारांहून अधिक गुण झाले, तर त्या माणसाला आधी पाठवावयाचे. भरतीच्या मैदानावर छातीला लागलेला टेप येथे पोटाला लागतो. पुरुषाचा घेर ९० सेंटिमीटरच्या, म्हणजे साधारण साडेपस्तीस इंचांच्या पुढे गेला, की गुण वाढू लागतात. आडतीच्या गादीवर दिवसभर बसणारा व्यापारी, कचेरीतला कारकून, ट्रॅक्टर आल्यापासून औतामागे चालणे सुटलेला शेतकरी, या सर्वांनी हा एक आकडा स्वतःच सुतळीने मोजून पाहावा. आपल्या लोकांना मधुमेह गोऱ्या लोकांपेक्षा सुमारे दहा वर्षे आधी गाठतो. उपाशीपोटी साखर १२६ किंवा त्याहून अधिक, अथवा तीन महिन्यांची सरासरी साडेसहा टक्के वा अधिक, आणि हे दुसऱ्यांदाही तसेच आले, तर तो मधुमेह होय. शंभर ते सव्वाशेच्या दरम्यान आकडा असेल, तर मात्र परतीची वाट अद्याप उघडी असते, आणि तपासणीचे सर्वांत मोठे मोल मला येथेच वाटते.

आता तोंडाकडे वळू. २०१६-१७ च्या राष्ट्रीय पाहणीत महाराष्ट्रातील ३५.५ टक्के प्रौढ पुरुष कोणत्या ना कोणत्या स्वरूपात तंबाखू घेत असल्याचे आढळले. गुटख्यावर राज्यात २०१२ पासून बंदी आहे; पुड्या कोठे मिळतात, हे पानटपरीवर उभे राहणाऱ्यास सांगावे लागत नाही. तोंडाची तपासणी करण्यास यंत्र लागत नाही, रक्त काढावे लागत नाही. उजेडात बसून तोंड उघडावयाचे, आणि ओठाच्या आतली बाजू, गाल, हिरड्या, जीभ व जिभेखालची जागा नीट पाहावयाची, एवढेच. पांढरा किंवा लाल चट्टा, दोन आठवड्यांत न भरलेले तोंडातील फोड, एकाच जागी हाताला लागणारे कठीणपण, ही लक्षणे पाहावयाची असतात. आपली तीन बोटे उभी जुळवून ती दातांच्या मधून आत जातात काय, हेही पाहावे. जात नसतील तर सुपारी व गुटख्याने गालाचे अस्तर आवळत चालले आहे असे समजून विलंब न लावता डॉक्टरांकडे जावे. केरळात तिरुवनंतपुरम जिल्ह्यात प्रशिक्षित आरोग्यसेवकांनी घरोघर जाऊन नुसत्या डोळ्यांनी केलेल्या अशा तपासणीने तंबाखू वा दारू घेणाऱ्यांतील मुखकर्करोगाचे मृत्यू सुमारे एक तृतीयांशाने कमी झाले, हे २००५ मध्ये सिद्ध झाले आहे. बैलाचे दात मोजण्यास जेवढा वेळ लागतो, त्याहून फार अधिक वेळ याला लागत नाही.

येथे एक गोष्ट स्पष्टपणे सांगणे मी कर्तव्य समजतो. लातूरसारख्या शहरांत सत्तर-ऐंशी चाचण्यांच्या 'पॅकेज'च्या ज्या जाहिराती लागतात, त्यांच्या मागे जाण्याचे कारण नाही. सतरा प्रयोगांतील अडीच लाखांहून अधिक लोकांचा विचार करून २०१९ मध्ये काढलेला निष्कर्ष असा, की निरोगी माणसांच्या सरसकट तपासणीने मृत्यू कमी होत नाहीत. ज्याचा उपयोग सिद्ध झाला आहे, अशी मोजकी तपासणी योग्य वयात करावी, आणि दोष निघाला तर औषध नियमाने घ्यावे. गोळी चार दिवस खाऊन सोडणाऱ्याच्या तपासणीला अर्थ उरत नाही.

पन्नाशीनंतर रात्री लघवीला वारंवार उठावे लागणे, धार बारीक होणे, हा बहुधा वाढलेल्या प्रोस्टेट ग्रंथीचा परिणाम असतो व त्यावर उपचार आहे. त्या ग्रंथीच्या कर्करोगासाठीची रक्तचाचणी मात्र सरसकट करू नये. साध्या वाढीनेही तिचा आकडा चढतो आणि नसते उपद्व्याप मागे लागतात. अमेरिकेच्या तज्ज्ञमंडळाने २०१८ मध्ये ५५ ते ६९ वयात डॉक्टरांशी बोलून निर्णय घ्यावा, आणि सत्तरीनंतर ती करू नये, असा सल्ला दिला आहे. मधुमेह किंवा रक्तदाब असणाऱ्याने वर्षातून एकदा डोळ्यांचा पडदा व मूत्रपिंडाचे काम तपासून घ्यावे. साठीनंतर मोतीबिंदू, ऐकू येणे आणि तोल जाऊन पडणे यांकडे घरच्यांनी लक्ष ठेवावे.

मनाची तपासणी मी शेवटी लिहितो आहे, ती कमी महत्त्वाची म्हणून नव्हे. या प्रदेशाने कर्ज, दुष्काळ आणि पडलेला भाव यांच्या ओझ्याखाली कितीतरी कर्ते पुरुष गमावले आहेत. झोप उडणे, जेवण तुटणे, कोणाशी न बोलणे, शेतात जाऊन नुसते बसून राहणे, ही लक्षणे घरातील बायकोला दिसतात; पुरुष ती कबूल करीत नाही. १४४१६ या टेलिमानस मानसिक आरोग्य मदतसेवेच्या क्रमांकावर दिवसरात्र मोफत व मराठीत बोलता येते. घरच्यांनी हा क्रमांक भिंतीवरील कॅलेंडरवर लिहून ठेवावा.

ज्यांचे वय तीस ओलांडून गेले आहे आणि ज्यांच्या दंडाला रक्तदाबाचा पट्टा अद्याप एकदाही लागलेला नाही, अशा वाचकांना माझी विनंती आहे, की त्यांनी या आठवड्यात, रास होण्याची वाट न पाहता, आपल्या गावच्या उपकेंद्रात जावे. जाताना तोंडातला बार थुंकून, चूळ भरून जावे, म्हणजे तोंडही पाहता येईल. तेथे पैसे लागत नाहीत.