अकरा मायक्रोसेकंदांचा विलंब

१९८२ च्या ऑक्टोबरमध्ये जपानात 'सोनी' कंपनीचा 'सीडीपी-१०१' हा कॉम्पॅक्ट डिस्क वाजविणारा संच विक्रीस आला. तबकडीवरील अंकांचे पुन्हा विद्युत्-लहरींत रूपांतर करणारा परिवर्तक त्यात एकच होता, आणि तो डाव्या व उजव्या वाहिनीचे काम आळीपाळीने करी. परिणामी एक वाहिनी दुसरीच्या मागे सुमारे ११ मायक्रोसेकंद राही. सेकंदाच्या दशलक्षांश भागांत मोजावा लागणारा हा विलंब मानवी कानास जाणवेल काय?

प्रश्न वाटतो तितका पोरकट नाही. आवाज कोणत्या बाजूने आला हे ठरविताना मेंदू तो दोन्ही कानांवर पोहोचण्याच्या वेळांतील अंतर उपयोगात आणतो. अगदी बाजूने आलेल्या आवाजाच्या बाबतीतही हे अंतर साडेसहाशे ते सातशे मायक्रोसेकंदांपलीकडे फारसे जात नाही. क्लम्प व ईडी यांनी १९५६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत तर सुमारे १० मायक्रोसेकंदांचा फरकही श्रोत्यांनी ओळखला. अर्थात तेथे कानांना हेडफोन होते आणि लक्ष दुसरीकडे जाण्याचे कारण नव्हते.

येथे एक गैरसमज दूर केला पाहिजे. कॉम्पॅक्ट डिस्कवर दर सेकंदाला ध्वनीचे ४४,१०० नमुने घेतलेले असतात. म्हणजे दोन नमुन्यांत सुमारे २२.७ मायक्रोसेकंदांचे अंतर पडते. त्याहून लहान कालभेद अशा मुद्रणात टिकणारच नाही, असे पुष्कळांना वाटते. ते खरे नाही. लहर किंचित उशिरा आली, तर प्रत्येक नमुन्याचे मूल्य किंचित बदलते आणि त्या मूल्यांवरून पुन्हा घडविलेली लहर तितकीच उशिरा येते. लहरीतील कंपनसंख्या नमुन्यांच्या निम्म्या संख्येहून कमी असली म्हणजे झाले. तेव्हा 'सीडीपी-१०१' मधील विलंब तबकडीतला नव्हे, यंत्रातला होता.

आता तो ऐकू येतो का, ते पाहू. ११ मायक्रोसेकंदांत ध्वनी हवेतून जेमतेम ४ मिलिमीटर जातो. समोर नेहमीप्रमाणे डावी-उजवीकडे तीस-तीस अंशांवर ध्वनिक्षेपक मांडले असता श्रोत्याचे डोके एका बाजूस ४ मिलिमीटर सरकले, तरी तेवढाच फरक पडतो. संगीत ऐकताना इतके निश्चल कोण बसते? शिवाय हा विलंब सर्व स्वरांना सारखाच असल्याने ध्वनिचित्र विस्कटत नाही, केवळ तिळभर बाजूला सरते.

दोन्ही वाहिन्या एकत्र मिसळल्यास मात्र २०,००० हर्ट्झच्या आसपास आवाज सुमारे अडीच डेसिबलने घटतो. पण ही पट्टी प्रौढांपैकी बहुतेकांच्या कानांना ऐकूच येत नाही.