खळीच्या पातेल्यातून हृदयापर्यंत

सुती साडीसाठी घरी खळ केली असेल, तर पातेल्यात उरलेली खळ गार झाल्यावर कशी थिजते ते तुम्ही पाहिलं असेल. इंग्लंडमध्ये वाढलेल्या ऑलिव्हर स्मिथीज यांनी लहानपणी आईला कपडे धुवायला मदत करताना तेच पाहिलं होतं. पुढे टोरंटोत ते इन्सुलिनवर संशोधन करत होते. प्रथिनं एकमेकांपासून नीट वेगळी होईनात, तेव्हा त्यांना ती खळ आठवली. बटाट्याच्या पिठाची लादी थिजवून त्यांनी तिच्यातून वीजप्रवाह सोडला. १९५५ साली त्यांनी या लादीवर रक्तद्रवातली प्रथिनं पट्ट्यापट्ट्यांनी वेगळी करून दाखवली. तेव्हा दिसलं, की निरोगी माणसांच्याही पट्ट्या सारख्या नसतात. फरक होता हॅप्टोग्लोबिन नावाच्या प्रथिनात, आणि तो आईवडिलांकडून आलेला होता.

इन्सुलिनच्या मागे निघालेल्या माणसाला सापडलेला हा फरक पुढे मधुमेह्यांच्या हृदयाशी जाऊन भिडला.

आपली तांबडी पेशी सुमारे १२० दिवस जगते. ती फुटली की हिमोग्लोबिन मोकळं होतं. त्यातलं लोह पेशीबाहेर घातक ठरतं, कारण ते आसपासच्या स्निग्ध पदार्थांचं ऑक्सिडीकरण करतं. लोखंडाला गंज चढावा तशीच ही प्रक्रिया. हॅप्टोग्लोबिन या मोकळ्या हिमोग्लोबिनला घट्ट धरतं आणि शरीरातल्या सफाई करणाऱ्या पेशींच्या हवाली करतं.

सोळाव्या गुणसूत्रावरच्या हॅप्टोग्लोबिनच्या जनुकाची दोन रूपं आहेत, १ आणि २. दुसऱ्या रूपात जनुकाचा एक तुकडा दोनदा लिहिला गेला आहे. आईकडून एक आणि वडिलांकडून एक असं रूप मिळून माणसं १-१, २-१ किंवा २-२ प्रकारची होतात. १-१ वाल्यांचं प्रथिन लहान आणि सुटसुटीत असतं. २-२ वाल्यांत रेणू एकमेकांत अडकून मोठ्या कड्या तयार होतात आणि सफाई मंदावते.

एरवी शरीर हे निभावून नेतं. मधुमेहात मात्र साखर हिमोग्लोबिनलाही चिकटते आणि हॅप्टोग्लोबिन-हिमोग्लोबिनची रेंगाळलेली जोडी एचडीएलवर, म्हणजे ज्याला आपण चांगलं कोलेस्टेरॉल म्हणतो त्यावर, जाऊन बसते. रक्तवाहिनीच्या भिंतीतलं कोलेस्टेरॉल उचलून यकृताकडे नेणं हे एचडीएलचं काम. लोहाने बिघडलेल्या एचडीएलला ते जमत नाही. रिपोर्टवरचा आकडा ठीक दिसतो, पण तो फक्त हजेरी सांगतो. काम झालं की नाही, हे त्यातून कळत नाही.

हैफाच्या टेक्निऑन संस्थेतले अँड्र्यू लेव्ही यांनी सहकाऱ्यांसह २००२ साली अमेरिकेतल्या आदिवासी समाजाच्या ‘स्ट्राँग हार्ट’ अभ्यासातले नमुने तपासले. १-१ प्रकारच्या मधुमेह्यांच्या तुलनेत २-२ वाल्यांना हृदयरोगाचा धोका सुमारे पाचपट आढळला. ही गोष्ट आपल्या दाराशी येते ती इथे. दुसऱ्या रूपाचं प्रमाण जगात सर्वाधिक आहे ते भारतीय उपखंडात, आणि आपल्यातले बहुसंख्य लोक २-२ प्रकारचे आहेत.

मग इलाज? ‘ई’ जीवनसत्त्व ऑक्सिडीकरण रोखतं, म्हणून ते हृदयाला तारेल अशी आशा होती. सुमारे साडेनऊ हजार लोकांच्या ‘होप’ चाचणीचे निष्कर्ष २००० साली आले, आणि फायदा काहीच दिसला नाही. लेव्हींच्या गटाने वेगळा प्रश्न विचारला: फायदा कुणाला? इस्रायलमधल्या २-२ प्रकारच्या १,४३४ मधुमेह्यांपैकी काहींना त्यांनी रोज ४०० युनिट ‘ई’ दिलं, काहींना निव्वळ दिखाऊ गोळी. २००८ साली प्रसिद्ध झालेले आकडे असे: दीड वर्षात हृदयविकाराचा झटका, पक्षाघात किंवा हृदयरोगाने मृत्यू यांचं प्रमाण दिखाऊ गोळीवाल्यांत ४.७ टक्के, तर ‘ई’वाल्यांत २.२ टक्के. उलट २-१ प्रकारच्या मधुमेह्यांत याच जीवनसत्त्वाने एचडीएलचं काम बिघडल्याचं पुढे दिसलं. एकाला तारणारी गोळी दुसऱ्याला नडू शकते.

म्हणून हे वाचून कुणीही औषधाच्या दुकानातून ‘ई’च्या गोळ्या आणू नयेत. हॅप्टोग्लोबिनच्या प्रकाराची तपासणी आणि हा उपचार अजून रोजच्या वैद्यकीय व्यवहारात आलेले नाहीत. साखर, रक्तदाब आणि एलडीएल (वाईट कोलेस्टेरॉल) ताब्यात ठेवणं, डॉक्टरांनी दिलेलं स्टॅटिन मनाने बंद न करणं, तंबाखूपासून दूर राहणं, रोज चालणं या गोष्टी कोणतंही जनुक असलं तरी उपयोगी पडतात. २-२ वाल्यांनी तर साखरेकडे जास्तच लक्ष द्यावं, कारण त्यांच्या जनुकाचा दोष साखरेमुळेच डोकं वर काढतो.

या दिवाळीत घर भरेल, मामा-काका, आत्या-मावशा भेटतील. कुणाला साखर आहे, कुणाला कितव्या वर्षी झटका आला, कुणाची अँजिओप्लास्टी झाली, हे त्यांना विचारा, एका वहीत लिहून ठेवा आणि पुढच्या खेपेला ती वही डॉक्टरांना दाखवा. प्रयोगशाळेतली लादी जे दाखवते, त्यातलं थोडं तरी आपल्या माणसांच्या आठवणीत असतंच.