दृष्टिपटलाची गोष्ट – भाग ७ : खूण पटली, काम कळले का?

मागच्या भागात कॅल्शियमचे नाव वारंवार आले होते. चेतापेशीच्या बाहेर कॅल्शियम आतल्यापेक्षा सुमारे दहा हजार पटींनी जास्त असते, त्यामुळे पेशीच्या आवरणातली एखादी वाट क्षणभर उघडली तरी आत मोठी उलथापालथ होते. या आत शिरलेल्या कॅल्शियमला धरणारी प्रथिने दृष्टिपटलात ठिकठिकाणी भरलेली आहेत. त्यांच्यापैकी बऱ्याच जणांची घडण एकाच साच्यातली आहे : दोन मळसूत्री दांडे, त्यांच्यामध्ये बारा अमिनो आम्लांचा फास आणि त्या फासात बसलेला कॅल्शियमचा एक आयन. हा साचा १९७३ साली कार्प माशाच्या स्नायूतल्या पार्व्हाल्ब्युमिनमध्ये ओळखला गेला. साचा एक म्हटल्यावर कामही एकच असेल, असे सहज वाटून जाते. माझे म्हणणे असे, की या प्रथिनांवरून पेशी ओळखता येते, पण प्रथिनाचे तिथले काम त्यावरून कळत नाही.

ओळख पटवण्यात मात्र ती फार कामाची आहेत. उंदराचे दृष्टिपटल पाव मिलिमीटरही जाड नसते. त्याच्या पातळ छेदावर यांपैकी कॅलबिंडिन नावाच्या प्रथिनाला चिकटणारे, चमकत्या रंगाचे प्रतिपिंड सोडले, की आडव्या पेशींची रांग अंधारात उजळून निघते, तिचे बारीक फाटेसुद्धा मोजता येतात. कॅलरेटिनिन या दुसऱ्या प्रथिनासाठी तेच केले तर आतल्या जाळीथरात तीन समांतर पट्टे उमटतात, पट्टी धरून ओढल्यासारखे. कोणत्या पेशीचे फाटे किती खोल उतरले आहेत, हे संशोधक त्या पट्ट्यांवरून ठरवतात. इतके नेटके चित्र पाहिल्यावर, ज्या पेशीत कॅलबिंडिन ठासून भरले आहे तिला ते जगायला लागतच असणार, जादा कॅल्शियम टिपून ते तिला वाचवत असणार, असा तर्क होणे स्वाभाविक होते.

१९९८ साली हाइन्झ व्हेसले आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी कॅलबिंडिनचे जनुकच काढून टाकलेल्या उंदरांचे दृष्टिपटल तपासले. आडव्या पेशी जागेवर होत्या आणि त्यांची रचनाही बिघडलेली नव्हती. याउलट दंडपेशींमधली जीकॅप प्रथिने काढली तेव्हा परिणाम लगेच दिसला. उजेड पडल्यावर दंडपेशीतले कॅल्शियम घटते, ते ओळखून ही प्रथिने पेशीला पूर्वस्थितीवर आणणाऱ्या विकराला जागे करतात. ती नसलेल्या उंदरांत मंद प्रकाशाचा प्रतिसाद नेहमीपेक्षा मोठा झाला आणि रेंगाळला. साचा तोच, पण इथे प्रथिन कॅल्शियम नुसते साठवत नाही, त्याची वार्ता पुढे पोचवते.

यावर कोणी म्हणेल, निरुपयोगी प्रथिन निसर्ग इतक्या प्रमाणात कशाला बाळगेल? आक्षेप रास्त आहे, आणि कॅलबिंडिन निरुपयोगी आहे असे मी म्हणतही नाही. कॅलबिंडिन नसलेल्या त्या उंदरांचा चालताना तोल जातो, म्हणजे अनुमस्तिष्कात त्याची उणीव जाणवते. प्रश्न प्रत्येक पेशीला वेगळा विचारावा लागतो, एवढेच. शिवाय रचना शाबूत राहिली म्हणून पेशीचे सगळे वागणे पूर्ववत राहिले, असेही सिद्ध होत नाही. दुसरा आक्षेप असा, की एखाद्या भावंड प्रथिनाने जागा भरून काढली असेल. शक्य आहे, पण मग तेही दाखवावे लागेल. आणि एकाचे काम दुसरा करू शकत असेल, तर पेशीत अमुक प्रथिन सापडले या नोंदीचे वजन आणखी घटते.

मला सर्वांत पटणारा पुरावा दोन जवळच्या प्राण्यांच्या तुलनेत मिळतो. अंधुक उजेडात दंडपेशींचा संदेश शंकूपेशींच्या मार्गावर आणून सोडणारी एटू नावाची अ‍ॅमाक्राइन पेशी घूस-उंदरांच्या कुळातल्या रॅटमध्ये पार्व्हाल्ब्युमिनच्या रंगाने उजळते. घरातल्या लहान उंदरात ती त्या रंगाला दाद देत नाही, तिथे तो रंग मुख्यतः गँग्लियॉन पेशींवर चढतो. एटू पेशीचे काम दोन्हीकडे तेच, रात्रीची नजर सांभाळण्याचे. म्हणून उंदराच्या छेदावरचा नकाशा जसाच्या तसा माणसाच्या डोळ्यावर ठेवता येत नाही. माणसाच्या बाबतीत पुरावा वेगळ्या वाटेने आला आहे : जीकॅप-१ मधले ९९ व्या जागचे एकच अमिनो आम्ल बदलले, तरी काही कुटुंबांत शंकूपेशी हळूहळू निकामी होतात. ते कसे घडते, ते पुढच्या आठवड्यात पाहू.