डिसेंबरचं बाळ, जानेवारीचं बाळ

तुमच्या आजोबांचा वाढदिवस कधी असतो? १ जून? वाटलंच! त्या दिवशी फेसबुक उघडा, अर्ध्या महाराष्ट्राचा हॅपी बर्थडे असतो. शाळा जूनमध्ये सुरू व्हायची आणि जन्मतारीख घरात कुणी लिहून ठेवलेली नसायची. मग गुरुजी पोराकडे एकदा बघायचे आणि रजिस्टरमध्ये १ जून टाकून मोकळे व्हायचे.

आता बर्थ सर्टिफिकेट लागतं, आणि एका दिवसानं आख्खं वर्ष इकडचं तिकडे होतं. २०२० मध्ये राज्य सरकारनं पहिलीच्या प्रवेशाची कट-ऑफ ३१ डिसेंबरवर नेली. त्या तारखेला सहा पूर्ण होत असतील तर मूल जूनमध्येच पहिलीत. म्हणजे एकाच बाकावर एक साडेपाचचं, दुसरं जवळजवळ साडेसहाचं. त्या वयात एक वर्ष म्हणजे केवढं, करा हिशोब!

खडकवासल्याच्या चौपाटीवर माझी एक मैत्रीण हाच हिशोब करत होती. आयटी, सिंहगड रोडवरचा फ्लॅट, ईएमआय, सगळं साग्रसंगीत. हातातलं कणीस गार होत चाललेलं आणि बाईसाहेबांचं एकच, 'लेक डिसेंबर एंडची आहे गं. एक वर्ष थांबवू का?'

तिची भीती अगदीच फोल नाही. केली बेडार्ड आणि एलिझाबेथ ड्यूई या अर्थशास्त्रज्ञांनी २००६ मध्ये बऱ्याच देशांतले मार्क तपासले. वर्गातली सर्वांत लहान मुलं चौथीत मोठ्यांपेक्षा ४ ते १२ पर्सेंटाइल मागे होती, आणि आठवीतही २ ते ९. मला जास्त खटकला तो २०१८ चा अमेरिकन अभ्यास. जिथे कट-ऑफ १ सप्टेंबर, तिथे ऑगस्टमध्ये जन्मलेल्या मुलांवर एडीएचडीचा शिक्का सप्टेंबरवाल्यांपेक्षा ३४ टक्के जास्त! पोर वर्गात चुळबुळ करतं, कारण ते लहान आहे. इतकं साधं. पण 'चंचल', 'ढ' ही लेबलं एकदा चिकटली की वय वाढलं तरी निघत नाहीत.

पुढे काय होतं? इथे जरा दिलासा आहे. नॉर्वेत २०११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, शाळेत लवकर किंवा उशिरा गेल्यानं पगारात पडलेला फरक तिशीपर्यंत पुसला गेलेला दिसला. म्हणजे तुमच्या इन्क्रिमेंटचं खापर जन्मतारखेवर फोडू नका, प्लीज.

आणि गंमत म्हणजे धाकटेपण फायद्याचं ठरतं ते समोरच, पाण्यापलीकडे. एनडीएत एन्ट्री साडेसोळा ते साडेएकोणीस याच वयात. परीक्षा वर्षातून दोनदा, बारावीत शिकणाऱ्यांनाही देता येते, २०२१ पासून मुलींनाही. वर्गातलं सर्वांत धाकटं पोर बारावीच्या परीक्षेला सव्वासतरा वर्षांचं, थोरलं सव्वाअठराचं. म्हणजे धाकट्याच्या हातात वर्षभर जास्त, दोन अटेम्प्ट जादा!

मैत्रिणीनं लेकीला या जूनमध्येच पाठवायचं ठरवलंय. पहिल्या पीटीएमला बाईंना विचारायचा प्रश्नही तयार आहे: 'तिला ज्या मुलाचं उदाहरण देता, त्याचा वाढदिवस कधी असतो?'