दीडशे नॅनोमीटरसाठी एक दिवस

सकाळी ८.००
इस्लामपूर स्टँडवरून एसटीनं फार्मसी कॉलेज गाठते. माझं पीएच.डी.चं काम कर्करोगाच्या पेशीत जनुक पोचवणाऱ्या नॅनोकणांवर आहे.

९.३०
कायटोसान रात्रीच सौम्य अॅसेटिक अॅसिडमध्ये विरघळायला ठेवलं होतं. कोळंबीच्या कवचापासून मिळणाऱ्या या पदार्थावर आम्लात धनभार येतो. डीएनएवर ऋणभार असतो, म्हणून दोघं एकमेकांना धरतात. स्टिरर चालू ठेवून डीएनए मिसळलेलं टीपीपीचं (ट्रायपॉलिफॉस्फेट, कायटोसानला बांधून कण घडवणारा क्षार) द्रावण थेंबाथेंबानं सोडते. घाई केली की गुठळ्या होतात. जमलं, तर काचेसारखा द्राव हळूहळू निळसर-दुधाळ होतो.

१२.००
लेसरच्या यंत्रावर आकार मोजला. दीडशे नॅनोमीटरच्या आसपास, म्हणजे केसाच्या जाडीचा सुमारे पाचशेवा भाग. कण फार मोठा असला तर कर्करोगाच्या गाठीत खोलवर शिरत नाही; अगदीच बारीक असला तर मूत्रपिंडातून निघून जातो.

२.३०
कणांनी डीएनए धरलाय का, हे पाहायला अॅगरोज जेल लावलं. वीज सोडली की मोकळा डीएनए धन टोकाकडे पळतो, कणानं धरलेला जेलच्या खाचेतच राहतो. कायटोसान कमी होतं तिथं डीएनएची पट्टी पुढं सरकली. वाढवलं तिथं जागची हलली नाही.
पण नुसतं घट्ट धरून भागत नाही. पेशी कणाला एका पिशवीत बंद करून आत घेते. कण त्या पिशवीतून वेळेत सुटला नाही, तर आतला डीएनए नासतो. बहुतेक कण तिथंच अडकतात. आमची खरी झुंज इथं आहे.

५.००
नोंदवही पूर्ण केली. फसलेली बॅचही तारखेसह लिहिली.

६.००
परतीच्या एसटीत शेजारच्या मावशींनी विचारलं, “काय गं पोरी, कॅन्सरवर औषध गावलं का?” त्यांच्या बहिणीची केमो चालू आहे.
“आमचं अजून लॅबमध्येच आहे, मावशी. केमो मध्येच सोडू देऊ नका.”

रात्री ९.००
वाचन. पुण्याच्या जिनोव्हा कंपनीच्या कोविड लशीला २०२२ मध्ये मंजुरी मिळाली. तिच्यातला एमआरएनए मेदाचे नॅनोकणच वाहून नेतात. आयआयटी मुंबई आणि टाटा मेमोरियलच्या संशोधनातून आलेल्या नेक्सकार१९ ला २०२३ मध्ये परवानगी मिळाली. ही रक्ताच्या काही कर्करोगांवरची जनुकीय उपचारपद्धती. तिच्यात रुग्णाच्या टी-पेशी बाहेर काढून, विषाणूच्या वाहकानं त्यांत जनुक घालतात. शिरेतून दिलेले नॅनोकण मात्र बरेचसे यकृतातच अडकतात. शरीरातल्या गाठीपर्यंत ते पुरेसे पोचवणं अजून बाकी आहे.

‘नॅनो औषधानं कॅन्सर बरा’ असं कुणी सांगितलं, तर आधी आपल्या कर्करोगतज्ज्ञांना विचारा आणि चालू उपचार थांबवू नका.