अरबी समुद्राच्या खात्यावरची शिल्लक

मे महिन्यात लक्षद्वीपच्या आसपास अरबी समुद्राचे पाणी ३० अंश सेल्सियसच्या वर तापलेले असते. त्या काळात एवढे गरम पाणी जगाच्या फार थोड्या समुद्रांत सापडते. मग पाऊस येतो, वारे सुटतात आणि जुलैअखेरपर्यंत मधला अरबी समुद्र दोन-तीन अंशांनी उतरतो. सोमालियाच्या किनाऱ्यालगत तर ठिकठिकाणी तो २० अंशांच्याही खाली जातो. उत्तर गोलार्धाच्या ऐन उन्हाळ्यात थंड होणारा हा समुद्र अभ्यासकांना फार पूर्वीपासून छळत आला आहे.

याचे सोपे उत्तर असे की वारा पाण्याची वाफ करतो आणि वाफ जाताना उष्णता घेऊन जाते. ते खोटे नाही. दर चौरस मीटरमागे १०० वॅट उष्णता वाफेवाटे गेली, तर दिवसाला सुमारे साडेतीन मिलिमीटर पाणी उडते. पण १९९४च्या ऑक्टोबरपासून वर्षभर अमेरिकी शास्त्रज्ञांनी ओमानपासून दूर, भर समुद्रात उपकरणे लावलेला बोया नांगरून ठेवला आणि त्याच्या नोंदींनी या उत्तराला धक्का दिला. नैर्ऋत्य मोसमी वारे जोरात असताना तिथला समुद्र हवेकडून एकंदरीत उष्णता कमावत होता! हवा आधीच दमट, त्यामुळे वारा सोसाट्याचा असूनही बाष्पीभवन बेताचे. तरीही पृष्ठभाग गार झाला, कारण वाऱ्याने पाणी घुसळून खालचा थंड थर वर आणला. उष्णता खरोखर गमावली ती हिवाळ्यात. ईशान्येकडून येणारे कोरडे वारे निमूटपणे पाणी शोषतात. उरलेले पाणी खारट, गार आणि जड होऊन खाली बसते. उत्तर अरबी समुद्रात हे घुसळण इतके खोल जाते की खालची पोषकद्रव्ये वर येतात आणि वनस्पतिप्लवक फोफावतात.

शेजारचा बंगालचा उपसागर मात्र असा गार होत नाही. गोव्यातल्या दोनापावला इथल्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेतले शेणॉय, शंकर आणि शेट्ये यांनी २००२ साली दोन्ही समुद्रांचा उष्णतेचा ताळेबंद मांडला. उपसागरावरचा वारा तुलनेने मवाळ. वर गंगा-ब्रह्मपुत्रेचे आणि पावसाचे गोडे पाणी हलक्या थरासारखे पसरलेले. त्यामुळे खालचे पाणी सहज वर येत नाही आणि पृष्ठभाग पावसाळाभर २८ अंशांच्या वर राहतो. मोठे ढग उभे राहायला साधारण तेवढे तापमान लागते. विदर्भापर्यंत पाऊस नेणारे कमी दाबाचे पट्टे उपसागरात एकामागून एक का तयार होतात, याचे बरेचसे उत्तर या गोड्या पाण्यात आहे.

ही झाली ऋतूंची देवघेव. तिच्यात दर चौरस मीटरला शंभर-शंभर वॅट इकडून तिकडे होतात. तापत्या पृथ्वीमुळे महासागरांत दरवर्षी साठणारी उष्णता मात्र सरासरीने चौरस मीटरला एका वॅटच्या आसपास, किंबहुना त्याहूनही कमी. देवघेव मोजताना होणारी चूकच याच्या कितीतरी पट असते. म्हणून शास्त्रज्ञ पासबुकातल्या एकेका नोंदीच्या मागे न लागता थेट शिल्लक बघतात. सुमारे चार हजार आर्गो तरंगक दर दहा दिवसांनी दोन किलोमीटर खोलीपासून वर येत तापमान नोंदवतात. हवामानबदलाची जादा उष्णता नव्वद टक्क्यांहून अधिक समुद्रात गेली, हे अशा मोजण्यांवरूनच कळते. मला या सगळ्यात सर्वांत चकित करणारी गोष्ट हीच वाटते. ज्या आकड्यावर एवढा वाद चालतो, तो ऋतूंच्या उलाढालीत दिसतसुद्धा नाही.

आपल्याकडची शिल्लक तर सरासरीहून जास्त. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानविज्ञान संस्थेतले (आयआयटीएम) रॉक्सी मॅथ्यू कोल आणि सहकाऱ्यांनी २०१४ साली दाखवले की १९०१ ते २०१२ या काळात पश्चिम हिंदी महासागराचे उन्हाळी तापमान सुमारे १.२ अंशांनी वाढले. समुद्र तापला म्हणजे वाफ वाढली, वाफ वाढली म्हणजे पाऊस वाढला, असे गणित वर्तमानपत्रांतून सर्रास मांडले जाते. ते अर्धवट आहे. मोसमी वारे चालतात जमीन आणि समुद्र यांच्या तापमानातल्या फरकावर, आणि समुद्र तापला की तो फरक कमी होतो. याच गटाच्या २०१७च्या अभ्यासात १९५० ते २०१५ दरम्यान मध्य भारतातल्या मोठ्या क्षेत्रावर कोसळणाऱ्या अतिवृष्टीच्या घटना तिपटीने वाढल्याचे दिसले. त्याच भागातला मोसमाचा एकूण पाऊस मात्र कमी झाला होता.